व्हेलचा अभ्यास नक्की करतात कसा?

ऐरोलीकर: मुलगी सातवीत आहे, खाडीत फ्लेमिंगो बघून आली आणि आता म्हणते शाळेचा प्रोजेक्ट व्हेलवरच करणार. पण एवढं धूड बहुतेक वेळ पाण्याखाली, त्याला माणसाचा त्रास होतोय हे कळतं तरी कसं?

खारेगाव_नाका: हंपबॅक जातीचा व्हेल असेल तर शेपटीचा फोटो काढतात. खालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. बाकी हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माईक.

उरणची_पोर: त्रासाचं विचाराल तर विष्ठा तपासतात, हसू नका 😄 कॅनडात बे ऑफ फंडीला राइट व्हेलची विष्ठा गोळा करून त्यातले स्ट्रेस हार्मोन मोजत होते (आता तर वास काढायला बोटीवर कुत्राही नेतात), आणि सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर जहाजं एकदम कमी झाली तर पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला, हार्मोनही उतरले. असा प्रयोग ठरवून कोण करणार? आमच्याकडे तर रात्रंदिवस कंटेनर जहाजं, आणि अरबी समुद्रातले हंपबॅक बाकीच्यांसारखे लांब ध्रुवाकडे जातही नाहीत, बारा महिने याच समुद्रात.

खारेगाव_नाका: मेलेल्या व्हेलच्या कानातला मळ पण! झाडाच्या खोडासारखे थर असतात, त्यात जन्मभराचे हार्मोन आणि प्रदूषण सापडतं.

ऐरोलीकर: विष्ठा आणि मळ म्हटल्यावर पोरगी जाम खूश, बाईंना काय वाटेल देव जाणे. ड्रोनने वजन कळतं का हो?

उरणची_पोर: लांबी-रुंदी मोजून अंदाज काढतात. बारीक झालीय का, पोटुशी आहे का, तेही दिसतं.