उबुंटू २०.०४ला एसएसडी दिसत नाही. विंडोज तसंच ठेवून काय करता येईल?

नमस्कार मंडळी. घरच्या लॅपटॉपवर विंडोज ११च्या जोडीला उबुंटू २०.०४ (लिनक्स) टाकायचं आहे. इन्स्टॉलर डिस्क निवडायच्या पानावर येतो आणि तिथे नुसता पेनड्राइव्ह दिसतो. विंडोजमध्ये लॅपटॉपमधली ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी व्यवस्थित चालते.

प्रोसेसर इंटेल आय५, ११वी पिढी, टायगर लेक. आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) कॉलेजच्या लॅबमधून आणली, २०२०च्या एप्रिलमधली पहिलीच, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४. हार्डवेअरची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय कमांडमध्ये एनव्हीएमईची ओळच नाही. त्याऐवजी 'रेड बस कंट्रोलर, व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस' येतं, क्रमांक ८०८६:९ए०बी. डिस्क एकच आहे, मग रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) कुठून आलं?

२०.०४च हवं, कारण शेवटच्या वर्षाचा रोबोटचा प्रकल्प रॉस नोएटिक या रोबोटच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि सीनियर्सचा सगळा कोड त्यातच आहे. काही जण म्हणतात डिस्क पुसा, काही म्हणतात बायोसमध्ये व्हीएमडी (तेच व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस) बंद करा. विंडोजमध्ये वडिलांच्या दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब आहेत, त्यामुळे काहीही करून बघायची हिंमत होत नाही. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

डिस्क पुसू नका, आणि बायोसलाही सध्या हात लावू नका. क्रमांक दिलात हे फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

व्हीएमडी चालू असलं की एसएसडी त्या कंट्रोलरच्या मागे जाते. व्हीएमडीचा ड्रायव्हर चालला तरच ती कर्नलला दिसते. हा ड्रायव्हर २०१६पासून, म्हणजे ४.५ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, पण तेव्हा तो इंटेलच्या झिऑन सर्व्हरसाठी होता. टायगर लेकचा ९ए०बी हा क्रमांक ५.४च्या यादीत नाही, म्हणून ड्रायव्हर त्याच्याकडे बघतही नाही. 'रेड' हे फक्त कंट्रोलरच्या वर्गाचं नाव आहे.

२०.०४.६ची डेस्कटॉप आयएसओ घ्या, मार्च २०२३ची. तिच्यात ५.१५ कर्नल आहे आणि नोएटिक त्यावर तसंच चालतं. नंतर लॅबच्या मशीनशी जुळावं म्हणून ५.४ टाकून त्यावर बूट करू नका; रूट डिस्क (उबुंटूची मुख्य डिस्क) सापडणार नाही आणि मशीन इनिटरॅमएफएसवर, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच, अडकेल.

त्याआधी हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा.

एवढं करूनही डिस्क दिसली नाही तरच व्हीएमडी बंद करायचं. नुसतं बंद केलंत तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबेल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावा, मग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि मग सेफ बूट काढा. काही लॅपटॉपांत बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्याशिवाय व्हीएमडीचा पर्याय दिसतच नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार! २०.०४.६च्या पेनड्राइव्हवरून एसएसडी लगेच दिसली, बायोसमध्ये काहीही बदललं नाही. बिटलॉकरची की वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली, हिशेबांच्या वहीतच लिहून ठेवली आहे. आता हिशेबांची प्रत घेतोय. पार्टिशन ती झाल्यावरच.