फ्रान्समधली नदीवरची क्रूझ: सेन की ऱ्होन? शाकाहाराचं आणि भटकंतीचं कसं जमवायचं?

रेवा_क

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रान्समध्ये आठ दिवसांची नदीवरची क्रूझ घ्यायची आहे. आम्ही दोघं आणि सासूसासरे, असे चौघं. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. बाकी तिघांना सगळं चालतं आणि तिथलं खाणं चाखणं हाच आमचा निम्मा हेतू आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालतात, पण चढ नको. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणारी सेन घ्यावी की ल्याँहून प्रोव्हान्सला उतरणारी ऱ्होन, यावर गाडी अडली आहे. खोली कोणत्या मजल्यावर घ्यावी? आणि लव्हेंडरची शेतं दिसतील का?

जलवाट

लव्हेंडरचं आधी सांगतो: दिसणार नाही. बहर जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो, सप्टेंबरात नुसती भादरलेली झुडपं उरतात. पण तेव्हा द्राक्षतोडणी असते आणि ऱ्होनकाठच्या मळ्यांत ती बघायला मिळू शकते.

खाण्यासाठी जाताय तर डोळे मिटून ऱ्होन घ्या. ल्याँ ते आर्ल नदीने साधारण २८० किमी आणि वाटेत १२ लॉक, म्हणजे जलपाश (दारं लावलेली कोंडी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात). त्यांची रुंदी १२ मीटर आणि मोठ्या बोटी सुमारे ११.४ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ३० सेंमी जागा. बोलेनचा लॉक सर्वांत खोल, जवळजवळ २३ मीटर. उतरताना शेवाळलेली ओली काँक्रीटची भिंत खिडकीसमोरून वर सरकत जाते, दोर अडकवलेले तरंगते खुंटे भिंतीतल्या खाचांतून करकरत खाली येतात आणि वर आकाशाची अरुंद पट्टी उरते. बरेचदा बोटी हा टप्पा रात्री पार करतात. रिसेप्शनवर वेळ विचारून ठेवा, आणि पहाटे असला तरी उठा.

बुकिंगआधी कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा: कोणते टप्पे दिवसा आणि कोणते रात्री? तूर्नों ते व्हिव्हिए हा पट्टा दिवसा असेल असा कार्यक्रम निवडा. उतारावरचे मळे, पडके किल्ले, आणि क्रूआसच्या अणुवीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्यावर रंगवलेलं पाणी ओतणारं भलंमोठं मूल, हे सगळं डेकवर बसून दिसतं.

खोली मधल्या मजल्यावर घ्या. सर्वांत खालच्या मजल्यावर खिडकी लहान, उंचावर आणि पाण्याला लागून असते. अगदी मागच्या टोकाच्या खोल्यांत इंजिनाची थरथर जाणवते. गुडघ्यांसाठी महत्त्वाचं: बऱ्याच बोटींची लिफ्ट तळमजल्यापर्यंत किंवा वरच्या उघड्या डेकपर्यंत जात नाही. 'लिफ्ट आहे का' एवढंच न विचारता 'कोणत्या मजल्यापासून कोणत्या मजल्यापर्यंत' असं विचारा. शिवाय मोठ्या गावांत दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. मग शेजारच्या बोटीतून, कधी तिच्या वरच्या डेकवरून जिने चढून काठावर जावं लागतं आणि बाल्कनीसमोर परक्या खोलीचा पडदा येतो. बाल्कनीला जादा पैसे मोजण्याआधी हे लक्षात असू द्या.

पाण्याचं म्हणाल तर ऱ्होन आणि सेन दोन्हींवर बंधारे असल्यामुळे दुष्काळात पातळी टिकते. अडचण होते ती पुराने. पाणी चढलं की पुलाखालून बोट जात नाही आणि पुढचा प्रवास बसने होतो. दक्षिणेकडचा मोठा पाऊस शरदातला, त्यामुळे सप्टेंबरची सुरुवात त्यातल्या त्यात बरी. मिस्त्राल वारा मात्र केव्हाही सुटतो. उन्हातही दात वाजवतो, तेव्हा वारा न शिरणारं जाकीट हवंच.

तूपमीठ

सासूबाईंच्या जेवणाबद्दल. फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ मासे चालतात असा काढणारे अजून भेटतात, आणि अंडं तर सगळेच धरून चालतात. चार-सहा आठवडे आधी ईमेलने स्पष्ट यादी द्या: मांस, मासे, अंडं, मांसाचं किंवा माशाचं स्टॉक (उकळून काढलेलं पाणी), जिलेटिन, डुकराची चरबी, यातलं काहीही नको, दूध, लोणी, दही, चीज चालतं. पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला भेटून हीच यादी हातात द्या आणि उद्याचे पदार्थ आज ठरवायची पद्धत पाडून घ्या. भटारखान्याला एक दिवस मिळाला तर नीट जेवण येतं. ऐन वेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या आणि पास्ता येतो, तोही सलग सात दिवस.

चीजचा एक मुद्दा घरीच ठरवा. कोंते, रोकफोर यांसारखी पारंपरिक चीजं जनावराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणारा पदार्थ) बनतात, त्याला 'प्रेझ्युर' म्हणतात. ते चालत नसेल तर यादीत तेही लिहा.

काठावर जेवताना फसवणारे पदार्थ:

कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या स्टॉकमध्ये असतं. तापनाद दिसते ऑलिव्हची चटणी, पण तिच्यात सहसा अँचोव्ही मासा वाटलेला असतो. ल्याँच्या सॅलडमध्ये डुकराचे तुकडे आणि वर अर्धकच्चं अंडं. केनेल म्हणजे माशाचा मऊ गोळा. ऱ्होनकाठची राव्हिओल आत चीज आणि पार्सली भरलेली असली तरी पिठात अंडं असतं. मोंतेलिमारच्या नुगातही (मध-बदामाची मिठाई) अंड्याचा पांढरा भाग असतो, त्यामुळे तो तुम्ही तिघांनी खायचा.

आणि चालणारे. सेर्व्हेल द कान्यू या नावाचा अर्थ 'रेशीम विणकराचा मेंदू', पण पदार्थ म्हणजे ताज्या चीजमध्ये लसूण, कांदा, हिरव्या पाती आणि ऑलिव्ह तेल. घट्ट चक्क्यात मीठ-लसूण कालवल्यासारखा लागतो. काही जण त्यात थोडी व्हाइट वाइन घालतात, विचारून घ्या. ग्रातँ दोफिन्वा म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या, साय आणि लसूण. मूळ कृतीत अंडं नसतं, पण काही जण फोडतात. रातातुई (वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी) चांगलीच. प्रोव्हान्समध्ये पानिस मिळाले तर सोडू नका: काबुली चण्याचं पीठ पाण्यात शिजवून थापायचं, कापायचं आणि तळायचं. सुरळीच्या वडीची पिठी जाड थापून तळली तर जसं होईल तसं, बाहेरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत. गोडात सॉर्बे, पात द फ्र्वी (फळांची वडी, पेक्टिनवर घट्ट झालेली) आणि आर्देशचे मारों ग्लासे, म्हणजे पाकात मुरवलेले चेस्टनट.

हॉटेलात म्हणायचं वाक्य: "सां व्हिआंद, सां प्वासों, सां लार्दों, सां अफ, सां बुयों." मांस, मासे, डुकराचे तुकडे, अंडी, स्टॉक, यांशिवाय. कागदावर फ्रेंचमध्ये लिहून वेटरकडे दिलं तर तो स्वयंपाक्याला दाखवतो, उच्चाराची भानगड उरत नाही.

तुम्हा तिघांसाठी आग्रहाचं एकच: रोज दुपारी बोटीवर जेवायला परत जाऊ नका. जेवण पैशांत धरलेलं आहे म्हणून माणसं परततात आणि ल्याँमध्ये असून ल्याँचं काही खात नाहीत. निदान दोन दुपारी काठावर ठेवा. स्वयंपाकघर साधारण १२ ते २ उघडं असतं, पावणेदोनला गेलात तर ते नकार देतील. 'काराफ दो' मागितलं की साधं पाणी फुकट येतं, पावही बिलात वेगळा लागत नाही, आणि सेवाशुल्क किमतीतच असतं.

रेवा_क

दोघांचेही मनापासून आभार, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. ऱ्होन पक्की. गुडघे सांभाळून बघण्यासारखं काय? बोटीच्या सहली घ्याव्यात की आपलं आपण फिरावं?

भटक्या६१

गावातल्या सहली सोडा, गावाबाहेरच्या घ्या. पों द्यु गार स्वतःहून गाठायला अर्धा दिवस मोडतो, तिथे बोटीची बस बरी. तो रोमन जलसेतू जवळजवळ ४९ मीटर उंच आहे, आणि वाहनतळापासूनची वाट बरीचशी सपाट आहे. सहलीच्या यादीत 'सावकाश चालणाऱ्यांचा गट' असतो का ते विचारा, सासऱ्यांचं नाव त्यात घाला.

ल्याँमध्ये बोटी बहुधा ऱ्होनच्या डाव्या काठावर, क्लोद बेर्नार धक्क्याजवळ लागतात. तिथून बेलकूरचा चौक आणि सोन नदीवरचा बोनापार्त पूल ओलांडून जुनं ल्याँ, सगळं सपाट. वरच्या फूर्व्हिएर चर्चला चढून जाऊ नका. जुन्या ल्याँच्या मेट्रो स्थानकातून फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी रेल्वे) थेट दारात सोडते, शहराच्या मेट्रो-बसचंच तिकीट चालतं. उतरल्यावर त्राबूल बघा, म्हणजे घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत काढणाऱ्या वाटा. सर्वांत लांब त्राबूल ५४, र्यू सँ-जाँ इथे शिरून र्यू द्यु बफला निघते. आत माणसं राहतात, तेव्हा आवाज खालच्या पट्टीत. गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत, जाड तळव्याचे बूट घाला.

वार तपासल्याशिवाय बाजारांचा बेत करू नका. सोनकाठचा सँत-आंत्वान बाजार आणि आव्हिन्योंचा झाकलेला ले आल, दोन्ही सोमवारी बंद आणि दुपारी दोनच्या सुमारास आवरलेले. आर्लचा मोठा बाजार शनिवारी सकाळी. तुमची बोट शनिवारी आर्लला असेल तर बाकी काही नाही केलं तरी चालेल: ऑलिव्ह, मीठ, आठ-दहा तऱ्हांचं बकरीचं चीज आणि चाखायला देणारे विक्रेते.

ताँ-लेर्मिताजला बोट थांबली तर वाइनची सहल एखाद-दोघांनीच घ्या. बाकीच्यांनी वाल्रोनाच्या चॉकलेट संग्रहालयात जावं, ही कंपनी १९२२ ची आणि कारखाना त्याच गावात आहे. मग १८४७ च्या झुलत्या पादचारी पुलावरून पलीकडे तूर्नोंला, कॉफीसाठी.

आव्हिन्योंला पोपचा राजवाडा आतून बघायला खूप जिने आहेत. सासरे बाहेरच्या चौकात बसले तरी तो अजस्र दगडी दर्शनी भाग दिसतोच. त्यापेक्षा पुलाजवळून पलीकडच्या बार्तलास बेटावर जाणारी फुकटची छोटी फेरी घ्या. २२ पैकी उरलेल्या चार कमानींचा पूल, मागे तटबंदी आणि राजवाडा, हे सगळं एकत्र त्याच काठावरून दिसतं. संध्याकाळच्या उन्हात जा, तेव्हा दगड पिवळाधमक होतो. शेवटच्या फेरीची वेळ मात्र धक्क्यावरच्या पाटीवर आधी वाचून घ्या.

जलवाट

त्यात एक भर. बोटीवरून उतरताना खोलीचं कार्ड दाराशी नोंदवतात आणि परतायची वेळ फळ्यावर लिहिलेली असते. तिचा मोबाइलवर फोटो काढा, शिवाय धक्क्याचं नाव आणि बोटीचा फोन नंबर. पाणी किंवा गर्दी यामुळे धक्का बदलतो, कधी बोट तुम्हाला एका गावात सोडून पुढच्या गावी जाऊन थांबते.