बोलोन्यात नुसती गाडी बदलू नका

इटलीत फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाताना बोलोन्या शहरात फक्त गाडी बदलावी, असं कुणीतरी सुचवलंय. आम्हीही तेच करणार होतो, पण हातात चार तास होते म्हणून बाहेर पडलो. धो धो पाऊस, आणि छत्र्या बॅगेच्या तळाशी! पण त्या काढाव्याच लागल्या नाहीत. जुन्या गावात जिकडे जावं तिकडे रस्त्याकडेला कमानींचे व्हरांडे. अख्ख्या शहरातले सगळे मिळून तब्बल ६२ किलोमीटर. त्यातले निवडक २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही आले.

मध्ययुगात विद्यापीठामुळे गर्दी वाढली, जागा पुरेना, म्हणून वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांबांचे टेकू दिले. (आपल्याकडे गॅलरी बंदिस्त करतात, तसंच काहीसं!) स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर कासा इझोलानी या जुन्या घराचे तेराव्या शतकातले ओकचे खांब अजून उभे आहेत. मी हात लावून पाहिला: लाकूड काळपट, खरखरीत, भेगा इतक्या रुंद की बोट आत जातं.

जेवायला मात्र 'स्पॅगेटी बोलोनेझ' मागू नका, तिथे रागू (मांसाचा घट्ट सॉस) ताल्यातेल्ले या चपट्या, लांब पास्त्याबरोबर खातात. आम्ही मागितली. वेटरचा चेहरा अजून आठवतो.