तरुण संघाची ध्येय-कार्डं : चालू ठेवावीत की बंद करावीत?

बाकावरचा

आमच्या चर्चमध्ये (नगर जिल्हा, गाव सांगत नाही, सांगितलं तर दोन मिनिटांत मी सापडेन) ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तरुण संघाच्या पोरांना एक जाड कार्ड मिळतं. वर वचन छापलेलं, खाली तीन रकाने : आत्मिक, शैक्षणिक, वैयक्तिक. रकाने भरायचे, कार्ड लिफाफ्यात घालून चिकटवायचं, लिफाफा पुढच्या टोपलीत टाकायचा. पुढच्या ३१ डिसेंबरला तो ज्याचा त्याला परत.

यंदा परत वाटायचं काम माझ्याकडे होतं. बहुतेकांनी लिफाफा घेतला आणि न फोडताच खिशात कोंबला. एकाने फोडून दाखवला. आत्मिक : रोज बायबल वाचणार. शैक्षणिक : चांगले मार्क. वैयक्तिक : चांगला माणूस बनणार. ‘काय लिहिलं होतं तेच आठवत नव्हतं,’ म्हणाला.

तरीही कार्ड बंद करू नये असं मला वाटतं. आमच्या आज्यांच्या वेळी वाट आखलेली होती. मिशनची शाळा, मिशनचं बोर्डिंग, मग शिक्षक किंवा पाळक. मुलगी हुशार असली तर मिरजेला नर्सिंग. मिशनच्या डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उघडला आणि पुढे आमच्याकडच्या कितीतरी घरांत त्या पगारावर चूल पेटली. आता ती वाट उरलेली नाही. बारावी झाली की पोरगा एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागतो, आणि पुढे काय हे त्याला कुणी विचारतच नाही. चर्चने तरी विचारावं.

माझी सूचना अशी : तीनऐवजी एकच ध्येय, आणि वर्षाऐवजी ईस्टरपर्यंतचं. ‘आत्मिक’ रकान्याची सक्ती नको. प्रत्येकाने चर्चच्या मंडळीतला एक मोठा माणूस स्वतः निवडावा, आणि त्या माणसाने महिन्यातून एकदा ‘कुठवर आलं?’ एवढंच विचारावं. कमिटीत हे मांडलं तर निम्म्या लोकांच्या कपाळावर आठ्या. इथे मतं हवीत.

कडक इस्त्री

आठ्या बरोबर होत्या. हे कंपनीतलं अप्रेझल आहे, वर वचन चिकटवलं म्हणून ते ख्रिस्ती होत नाही. याकोबाचं पत्र, चौथा अध्याय वाचा. आज किंवा उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, पैसा मिळवू असं म्हणणाऱ्यांना तो काय सुनावतो? उद्याचं तुम्हाला ठाऊक नाही, ‘प्रभूची इच्छा असली तर’ असं म्हणा. करिअर गायडन्सला शहरात पन्नास क्लासेस आहेत. पोरं प्रार्थनेला बसत नाहीत ही खरी अडचण, आणि तुम्ही आत्मिक रकानाच काढायला निघालात.

बाकावरचा

रकाना काढत नाही, सक्ती काढतोय. आणि वचनंच काढायची तर लूक १४. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करतो ना माणूस?

कडक इस्त्री

तो दाखला शिष्य होण्याची किंमत मोजण्याबद्दल आहे, एमपीएससीबद्दल नाही. मागचंपुढचं वाचत जा.

टेनरमधला

तुम्ही दोघं वचनं फेकताय, कार्ड भरतो आम्ही. वय २२, शेजारच्या जिल्ह्यातला.

आमच्या शिबिरात एका मुलीने वैयक्तिक रकान्यात लिहिलं : टू-व्हीलरचं लायसन्स काढणार. दादा (शिबिरातले पुढारी) गोळा करताना वाचत होते. म्हणाले, ‘अगं, देवाला आवडेल असं काहीतरी लिही.’ तिने खोडलं. बॉलपेनने इतकं गिरवलं की कार्डाला मागून उठाव आला. वर लिहिलं, प्रार्थनेत वाढणार. सगळे खूश.

लायसन्स तिने काढलंच, कार्डाबाहेर. त्यावर ती रोज चौदा किलोमीटर लांब लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जाते. आता सांगा, यात प्रेरणा कुणी दिली? आम्हाला ध्येयं नसतात हा मोठ्यांचा गैरसमज आहे. तुम्हाला दाखवावीशी वाटत नाहीत, इतकंच.

पुण्याची मावशी

टेनरमधल्याला +१. पण बाकावरचा, तुझी ‘मोठा माणूस’ कल्पना मला साफ नामंजूर. तू पुरुष आहेस म्हणून सुचली असावी. मुलीने ‘एम.ए. होईपर्यंत लग्न नाही’ असं ध्येय लिहिलं आणि बाईंना सांगितलं, की पुढच्या रविवारी चहाच्या वेळेला सगळ्या मंडळीला ठाऊक. मग आईला फोन. मग स्थळ. मी पाहिलंय.

दुसरं. पोरांना ध्येय नसतं असं नाही रे, फी नसते. आपल्यातली बहुसंख्य घरं मुळात कुठल्या वाड्यावस्तीतून आली हे सांगायला नको. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश मुख्यतः हिंदूंसाठी होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच. एकाच आळीतली, एकाच पगारातली दोन घरं, पण एका घरातल्या पोराला शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. अशा पोराला तुम्ही रंगीत कार्ड देऊन म्हणता, स्वप्न लिही. आधी मंडळीचा शिक्षण-निधी काढा, मग कार्ड.

वसईवाला

मी कॅथलिक, त्यामुळे पाहुणा समजा. पण मला या अख्ख्या धाग्यात एक गोष्ट खटकते : माझं ध्येय, माझं लायसन्स, माझी फी.

आमच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टँकर विहिरी उपसून नेत होते आणि वाड्या बिल्डरांच्या घशात चालल्या होत्या. फादर दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. तेव्हाची चर्चची पोरं रस्त्यावर आली ती कुणी कार्ड भरून घेतलं म्हणून नाही. घरची विहीर आटत होती म्हणून. सातबारा कसा वाचायचा, निवेदन कसं लिहायचं, पोलिसांसमोर कसं बोलायचं, हे त्या धामधुमीत शिकली. बेल्जियममध्ये कार्डाइन नावाच्या धर्मगुरूने १९२५ मध्ये कामगार तरुणांची संघटना उभी केली, तिची रीत हीच : पाहा, पारखा, करा. आधी आजूबाजूला बघायचं. ‘पाच वर्षांनी मी कुठे असेन’ हा प्रश्न तिथे पहिला येत नाही.

बाकावरचा

वसईवाला, मान्य, पण अर्धंच. प्रत्येक गावाला प्रत्येक पिढीत चळवळ मिळत नाही. आमच्याकडे पोरं ‘पाहतात’ ते बंद पडलेलं बोर्डिंग आणि कोर्टात अडकलेली मिशनची जमीन. त्यात विसाव्या वर्षी उडी घेतली तर चाळिशीत तारखाच मोजत बसतील.

मावशी, मुलींबद्दल तुमचं बरोबर आहे. म्हणूनच माणूस मुलीने निवडायचा म्हणतोय, आणि तो आपल्याच मंडळीतला असावा असंही नाही. पण ‘कुणीच नको’ म्हणत असाल तर लिफाफ्यावर येऊन थांबतो आपण.

युटाहची पाहुणी

धाग्याशी माझा संबंध लांबचा. मी ख्रिस्ती नाही, मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेतल्या मॉर्मन पंथीयांच्या मुलखात राहते. त्यांच्याकडे हाच वाद मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. पूर्वी मुलांसाठी स्काउट आणि मुलींसाठी वेगळा कार्यक्रम, ठरलेली कामं, ती पुरी केली की पदक. २०१९ संपताना स्काउटशी असलेलं जुनं नातं त्यांनी संपवलं आणि २०२० पासून नवी पद्धत आणली. ध्येय मुलांनी स्वतः ठरवायचं. आत्मिक, सामाजिक, शारीरिक, बौद्धिक अशा चार बाजूंनी. आधार लूक २:५२, येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढला, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढला, ते वचन.

शेजारच्या पोराचं एक ध्येय होतं आजोबांकडून सायकल दुरुस्ती शिकणं. शिकला. त्याच्या बहिणीने काहीच ठरवलं नाही, आणि घरात कुणी डोकं फोडून घेतलं नाही. मला वाटतं तिथे घरचे जेवताना सहज विचारतात, त्याने फरक पडतो. पण जुन्या यादीची आठवण काढणारेही भेटतात : यादी होती तेव्हा निदान पोरगं काहीतरी पुरं करायचं, असं त्यांचं म्हणणं.

कडक इस्त्री

मॉर्मनांची शिकवण वेगळी, ती उदाहरणं इथे नकोत.

टेनरमधला

काका, सायकलच्या चेनला कुठली शिकवण?

काठावरची

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, दोन मुद्दे. पीटर गोलविट्झर यांचं बरंच काम ‘जेव्हा-तेव्हा’ प्रकारच्या योजनेवर आहे. ‘रोज वाचणार’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘रात्री जेवणाची ताटं उचलली की लगेच एक अध्याय’ असं ठरवणाऱ्याकडून काम जास्त होतं. कार्डावर तेवढी एकच ओळ छापा.

दुसरं, त्यांच्याच गटाचे २००९ चे प्रयोग. मला अमुक बनायचंय हा इरादा दुसऱ्याने नुसता ऐकून घेतला, तरी माणसाला आपण थोडेफार तसे झालोच असं वाटू लागतं आणि कष्ट कमी होतात. तेव्हा ज्या मंडळ्यांत ही ध्येयं उपासनेत उभं राहून वाचायला लावतात, त्यांनी ते बंद करावं. टाळ्या तिथेच मिळाल्या की काम राहून जातं.

कडक इस्त्री

म्हणजे देवाने काय केलं याची मंडळीसमोर साक्ष देणंही बंद? पंडिता रमाबाईंनी काय प्रयोग वाचून मुक्ती मिशन काढलं होतं?

काठावरची

साक्ष झालेल्या गोष्टीची देतात. मी न झालेल्या गोष्टीबद्दल बोलतेय. आणि रमाबाईंचंच घ्या. बायबल सोप्या मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या, आणि छपाई केडगावच्या मुलींच्या हातून झाली. याहून ठोस ध्येय मला तरी माहीत नाही. रोजचं काम ठरलेलं होतं त्यांचं.

पुण्याची मावशी

रमाबाईंनी मुलींना आधी जेवायला घातलं, छपाई नंतर शिकवली. मी परत फीवर येते. बाकावरचा, निधीबद्दल तू अजून अवाक्षर काढलं नाहीस.

बाकावरचा

काढतो. हंगामाच्या सणाला कोंबड्या, भोपळे, गव्हाची पोती यांचा लिलाव होतो, ती रक्कम बरी असते. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढावा. ईस्टरला ज्याचं ध्येय निम्म्यावर आलेलं दिसेल त्याला परीक्षेची फी, लायसन्सची फी, जे असेल ते त्यातून. आत्मिक की ऐहिक हे विचारायचं नाही.

कडक इस्त्री

लिलावाच्या पैशांना हात लावता येत नाही. आमच्याकडे ते छपराच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचं ठरलंय. तुमच्याकडेही असंच काहीतरी असेल.

टेनरमधला

कधी ठरलं?

कडक इस्त्री

२०१६ च्या वार्षिक सभेत. का?