आखाजीनंतरचा कचरा: कंपोस्ट वाळतंय, आणि भंगारवाले भाऊ निम्मं परत देतात

तिसरा_मजला, जळगाव

मंडळी, बाल्कनी पश्चिमेची आणि महिना वैशाखाचा, एवढ्यावरून अंदाज आला असेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही नणंदा पोरांसकट माहेरी आल्या होत्या. रोज आमरस, एक दिवस मांडे, त्यात कुरडयांचा घाट. गव्हाचा चोथा मागच्या गल्लीतल्या म्हशीवाल्यांनी नेला. साली आणि कोया मात्र माझ्या वाट्याला आल्या.

माझ्याकडे बाजूंना भोकं पाडलेला झाकणाचा ड्रम आहे. पावसाळ्यात, थंडीत त्यात छान खत होतं. होळी झाली की त्याचं बिनसतं. वरचा थर कडकडीत वाळतो आणि खाली काळा चिकट गाळ, वासासकट. पाणी शिंपडलं तर ते कडेकडेने थेट तळाला जातं आणि वास वाढतो. गेल्या वर्षीच्या कोया अजून जशाच्या तशा निघतात. आता त्यात करड्या, चपट्या, जाड अळ्या झाल्यात. धाकट्या नणंदेने त्या पाहिल्या आणि बाल्कनीत यायचंच सोडलं.

दुसरं, सुका कचरा मी विसळून, वाळवून भंगारवाल्या भाऊंना देते. तेलाचे कॅन, शॅम्पूच्या बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या ते घेतात. वेफर्सची पाकिटं, कागदी कप आणि थर्माकोल निवडून परत माझ्याच हातात ठेवतात. का, तर "चालत नाही, ताई". मला कारण हवंय. कप तर कागदाचा आहे ना?

तिसरं, सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालंय. त्या सुया कशात भरून, कोणाला द्यायच्या? घंटागाडीवरच्या माणसाला टोचायला नकोत. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: "कचराले बी आते तीन डबा लागतस का?"

रावेरचा_बागायतदार

ताई, तुमचा ड्रम ठीक आहे. पारा ४४-४५ वर गेला की ज्या भोकांतून हवा आत जाते त्याच भोकांतून ओल बाहेर पळते. आणि गंमत बघा, वर तुमच्याकडे कोरडं आहे, खाली ओलं आहे, फक्त दोघांची गाठ पडत नाही. संध्याकाळी जुन्या ताडपत्रीवर सगळा ड्रम उपडा करा, फावड्याने वर-खाली कालवा आणि परत भरा. मग मूठभर उचलून दाबून बघा. गोळा व्हावा आणि बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर कोरडं घाला. गोळाच होत नसेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मारा, पण कालवताना. वरून ओतलेलं पाणी काही कामाचं नाही.

कोरडं म्हणून कडुनिंबाचा पाला उत्तम, चैत्रात रस्तोरस्ती पडलेला असतो, पोतं भरून ठेवायचं. नाहीतर रसवंतीवर जा. उसाचा चोथा ते फुकट देतात, वर आभार मानतात. तो मात्र दोन दिवस उन्हात टाकून, तुकडे करूनच घाला. ओला घातलात तर मुंग्यांची वरात येईल. ड्रम भिंतीच्या आडोशाला सरकवा आणि बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. भोकं झाकली तरी गोणपाटातून हवा जाते.

कोया ड्रममध्ये घालूच नका. ते लाकूड आहे, कुजायला वर्षं लागतात. गावठी आंब्याच्या असतील तर ताज्या-ताज्या रोपवाटिकेत विचारा, कलमाचा खुंट करायला लागतात. फार वाळल्या की उगवत नाहीत, म्हणून रस काढला की लगेच. आमच्या मळ्यात त्या वाळवून चुलीत जातात, पण तिसऱ्या मजल्यावर चूल कुठली.

अळ्यांचं म्हणाल तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. चावत नाहीत, आणि त्यांची माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. साली त्या तुमच्यापेक्षा लवकर संपवतील. ओल कमी झाली की त्याही कमी होतील. नणंदबाईंना एवढंच सांगा की कोंबड्या पाळणारे लोक या अळ्या मुद्दाम वाढवतात.

चटईवाला

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया होतात हे तुम्हाला माहीत असेलच. मी त्यातच केस पांढरे केले. आता मुलगा बघतो, मी खुर्चीवर बसून चुका काढतो.

चटईची पट्टी पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची. त्यात नवा माल जातो तसा जुना, दाणा केलेला मालही जातो. जुना माल आधी निवडायचा, मग ग्राइंडरमध्ये तुकडे, मग धुलाई, मग वितळवून दाणा. आता यात भानगड अशी की पीपी साधारण १६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि पाण्याच्या बाटलीचं पेट नावाचं प्लास्टिक वितळायला २५० च्या जवळ जावं लागतं. पीपीच्या मालात पेटचे चार तुकडे आले की ते वितळतच नाहीत, मशीनच्या जाळीत अडकतात. त्यातूनही निसटले तर पट्टी ओढताना तिथेच तटकन तुटते. पीव्हीसी त्याहून वाईट. गरम झालं की आम्लाची वाफ सोडतं, मशीनही खातं आणि माणसाचा घसाही. म्हणून एकजात माल मिळाला तरच पैसे. तुमचे भंगारवाले भाऊ हेच बघतात. शाळेत त्यांना रसायनशास्त्र नसेल, पण हात लावला, चुरगाळून आवाज ऐकला की काय आहे ते त्यांना कळतं.

पोरांना सुट्टीत दाखवायचं असेल तर पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्या झाकणाचा एक तुकडा बादलीत टाका. बाटली बुडते, झाकण तरंगतं. धुलाईच्या टाकीत आम्ही हेच करतो, फक्त बादली मोठी.

आता वेफर्सचं पाकीट. बाहेरून छापील प्लास्टिकचा थर, आतून चकचकीत धातूचा मुलामा, त्याच्या आत आणखी एक प्लास्टिक. हे थर एकमेकांपासून सोडवायचे कसे? आमच्याकडे तरी उपाय नाही. असा माल जास्तीत जास्त सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातो, आणि तोही कोरडा असेल तर. कागदी कपाच्या आतल्या बाजूला पॉलिथिनचं अस्तर असतं, नाहीतर चहा धरलाच नसता. त्या अस्तरामुळे रद्दीवाल्याला तो कागद वाटत नाही आणि प्लास्टिकवाल्याला प्लास्टिक वाटत नाही. थर्माकोल तर जवळजवळ सगळी हवाच. टेम्पो भरून नेला तरी वजन काय भरणार? डिझेलचे पैसे सुटत नाहीत. टीव्ही-फ्रिजसोबत आला असेल तर पोचवायला येणाऱ्यालाच परत न्यायला सांगा. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे, त्या लग्नात दिसल्या तर यजमानाला दोन शब्द ऐकवा. मी ऐकवतो. त्यामुळे मला बोलावणी कमी येतात.

म्हणून हे तीन जिन्नस धुण्यात पाणी घालवू नका. झटकून, कोरडे करून सुक्या कचऱ्यात घंटागाडीला द्या. खरा उपाय म्हणाल तर पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यात.

दुधाची पिशवी मात्र सोन्यासारखी. पॉलिथिनची एकजात, भाव चांगला. आतून एकदा विसळा, नाहीतर आंबलेल्या दुधाचा वास पूर्ण गठ्ठ्याला लागतो. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. नखाएवढा तुकडा गटारात जातो, कोणी वेचत नाही.

भुसावळची_सिस्टर

सुयांचं मी सांगते. वापरलेली सुई पुठ्ठ्यात किंवा पिशवीत नको, आरपार येते. जाड प्लास्टिकची फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या, फरशी पुसायच्या द्रवाची किंवा कपड्यांच्या लिक्विडची चालते. वर मोठ्या अक्षरात "वापरलेल्या सुया" लिहा. सुई टोचून झाली की सरळ बाटलीत. सिरिंज असेल तर टोपण परत लावत बसू नका, टोचण्याचे प्रकार तिथेच होतात. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा. घरातल्या सुया-सिरिंज घातक कचऱ्यात मोडतात, म्हणून ही बाटली ओल्यात नको, सुक्यातही नको, घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्यायची. इन्सुलिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडेही विचारा. दवाखान्यात सुयांसाठी वेगळा डबा असतोच, काही जण रुग्णाच्या घेतात.

मुदत संपलेली औषधं आणि जुने सीएफएल दिवेही त्याच वर्गातले. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर थांबा, झाडू न लावता जाड कागदाने तुकडे उचला आणि उरलेलं ओल्या कागदाने टिपा.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा. पुण्यात "स्वच्छ" या संस्थेतल्या कचरावेचक बायकांनी ही रीत लावली. ठिपका दिसला की कोणी उघडून बघत नाही. सासूबाईंना सांगा, निदान तीन डबे लागतातच, तिसरा लहान असला तरी चालतो.

देवपूरकर, धुळे

सगळं बरोबर, पण एक विचारतो. वैशाखात ड्रमशी एवढी झटापट कशाला? ओलं वेगळं करून रोज गाडीला द्यावं, खत मृगानंतर सुरू करावं. फ्लॅटमधलं कंपोस्ट ही हौस आहे, व्रत नाही.

रावेरचा_बागायतदार

भाऊ, तुमचं पटतं. पण ड्रम एकदा पूर्ण वाळू दिला की आतले जिवाणू झोपतात, आणि मृगात परत शेण-ताक घालून उठवावे लागतात. निम्मं गाडीला, निम्मं ड्रमला, असं करा ताई. आमरसाचे दिवस संपेपर्यंत तरी.

तिसरा_मजला, जळगाव

सगळ्यांचे आभार. ताडपत्री काढली आहे, नणंदा गेल्या की उपडा करते. चटईवाले काका, एकच राहिलं: पाण्याची बाटली झाकण लावून द्यायची की काढून?

चटईवाला

कशीही द्या, टाकीत झाकण वेगळं होतंच. फक्त आत पाणी ठेवू नका. वजन वाढवायला लोक मुद्दाम ठेवतात, मग भंगारवाला पुढच्या खेपेला सगळ्यांचाच भाव पाडतो.