कृत्रिम गुडघ्याचं सिम्युलेशन: १२० अंशांवर दाब वाढायचा थांबतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी अ‍ॅबॅकस (Abaqus) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये कृत्रिम गुडघ्याचं मॉडेल करतोय. वरचा कोबाल्ट-क्रोमचा भाग रिजिड, म्हणजे अजिबात न दबणारा, धरलाय. खाली पॉलिएथिलीनचं ९ मिमी जाडीचं इन्सर्ट (मधली चकती), लिनियर इलॅस्टिक (भार काढला की मूळ आकारात येणारं), मॉड्युलस म्हणजे कडकपणा ८०० एमपीए, घर्षण ०.०४.

आयएसओ १४२४३ या कृत्रिम गुडघ्याच्या झीज-चाचणीच्या मानकातलं चालण्याचं चक्र सुरळीत चालतं. १ मिमीनंतर मेश (मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) कितीही बारीक करा, कमाल दाबाचा आकडा हलत नाही. पण त्या चक्रात गुडघा जेमतेम ५८ अंश वाकतो. माझ्या आजीचे दोन्ही गुडघे बदललेत आणि डॉक्टरांनी बजावूनही ती विळी घेऊन खाली बसतेच. तेव्हा १२० अंशांची केस घेतली, आणि तिथेच घोडं अडलं.

मेश २ मिमी: कमाल दाब २४ एमपीए. १ मिमी: ३३. अर्धा मिमी: ४७. पुढचा रन रात्रभर चालतो आणि पहाटे बंद पडतो. गाइड म्हणतात, बारीक मेशचा आकडा लिहून मोकळा हो. मला पटत नाहीये. चूक कुठे शोधू?

प्रतिसाद १
लिहून मोकळे होऊ नका! कमाल दाब इन्सर्टच्या मागच्या कडेवर दिसतोय का? कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग) साफ करताना तिथली गोलाई उडवली असेल, तर धारदार कोपऱ्यावर आकडा वाढतच जाणार, त्याला अंत नाही.

दुसरं म्हणजे मटेरियल. पॉलिएथिलीन २० एमपीएच्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं दबायला लागतं. संपर्काखाली ते चहूबाजूंनी दाबलेलं असतं म्हणून पृष्ठभागावरचा दाब त्याहून थोडा जास्त चालतो, पण ४७ला ते नक्की कायमचं दबलेलं असणार. तुमचं मात्र अजून स्प्रिंगसारखं वागतंय. मटेरियलमध्ये प्लॅस्टिसिटी, म्हणजे हे कायमचं दबणं, घाला.

आणि लोड कुठला दिलाय? आयएसओच्या चक्रातला २६०० न्यूटन तसाच उचलला असेल तर तो पाय टेकतानाचा, गुडघा जवळपास सरळ असतानाचा आहे. बर्लिनच्या ऑर्थोलोड या डेटाबेसवर सेन्सर बसवलेल्या खऱ्या सांध्यांची मोजमापं फुकट मिळतात, गुडघे वाकवतानाचीही. ती बघा.

धागाकर्ता
गोलाई मीच उडवली होती, मेशिंगला त्रास देत होती म्हणून. आणि हो, २६००च. आज रात्री गोलाई परत घालून रन लावतो. पॉलिएथिलीनचा स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह (किती ताणाला किती आकार बदलतो त्याचा आलेख) कुणी वापरला असेल तर किती पॉइंट दिलेत तेवढं सांगा.