मदत हवी आहे: बाबांची एफडी मोडून डिव्हिडंडवाले शेअर घ्यावेत का?

मंडळी, बाबा रिटायर झालेत, कोथरूडला असतात, आणि वेताळ टेकडीवर फिरायला येणाऱ्या काकांनी डोक्यात भरवलंय की एफडी मोडा, कोल इंडिया, वेदांता असलं काहीतरी घ्या, घरबसल्या डिव्हिडंड (कंपनीच्या नफ्यातला वाटा) येत राहील. वहीत यील्डचे (शेअरच्या भावाच्या किती टक्के डिव्हिडंड मिळतो) आकडे उतरवलेत, पण शेअरचा भाव पडला की यील्ड आपोआप मोठं दिसतं हे काही केल्या पटत नाही त्यांना! एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) भाव साधारण डिव्हिडंडएवढाच उतरतो, शिवाय 2020 पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, आणि कंपनीने पुढच्या वर्षी दिलाच नाही तर? थोडेच पैसे टाकायचे तर यील्ड सोडून काय बघता, पेआउट रेशो (नफ्यातला किती भाग डिव्हिडंड म्हणून वाटला), कंपनीवरचं कर्ज की कॅश फ्लो (हातात येणारी रोकड)? आणि डिव्हिडंडवर टीडीएस (आधीच कापला जाणारा टॅक्स) कापू नये म्हणून 15एच हा ज्येष्ठांचा फॉर्म कोणी भरलाय का, नेमका कुठे द्यायचा?